कुरणातला कोल्हा आणि दोन रायफली

हॉलंडला जाऊन आलो म्हटलं की लोक ट्यूलिप आणि पवनचक्क्यांबद्दल विचारतात. मी यातलं काहीच पाहिलं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत लेकीकडे तीन महिन्यांसाठी गेलो आणि महिनाभरात विमानं, बागा, संग्रहालयं, सगळ्यालाच कुलूप लागलं. मी पाहिलं ते एक कुरण. तेही चार दिवस, आणि त्यातली एक पहाट एका लाकडी मचाणावर, श्वास रोखून. पण त्या चार दिवसांत मी जेवढा घाबरलो तेवढा उभ्या आयुष्यात घाबरलो नव्हतो, म्हणून हे लिहितोय.

आधी माझी ओळख करून देतो. कुडाळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवला. घरची काजूची बाग आहे, डोंगरउतारावर. रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, असा आमचा रिवाज. त्यामुळे बंदुकीतलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. आणि मास्तर माणसाला एखादी गोष्ट कळते असं वाटलं की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

गुरुवार : हकालपट्टी

मुग्धा, माझी लेक, ग्रोनिंगनच्या विद्यापीठात कुरणात घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर काम करते. मेच्या मध्यावर जावयांना खोकला सुरू झाला. तेव्हा तिकडे सरसकट सगळ्यांची तपासणी होत नव्हती. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मी अडुसष्ट वर्षांचा, त्यात साखर.

"बाबा, तुम्ही चार दिवस आनेकेच्या फार्मवर राहा. माझे पक्षी तिच्याच कुरणात आहेत. तिच्याकडे रिकामी कॅरव्हॅन आहे. मी बोललेय तिच्याशी."

"मी काय कुष्ठरोगी आहे?"

"तुम्ही नाही हो, आम्ही असू कदाचित. प्लीज, आर्ग्यू करू नका."

तर अशी आमची हकालपट्टी झाली. मुग्धाने गाडीच्या चारही काचा खाली करून मला मागे बसवलं आणि शहराच्या उत्तरेला अर्ध्या तासावर नेऊन सोडलं. सोबत कपडे, गोळ्या, ग्लुकोमीटर आणि आमच्या हिने फेब्रुवारीत बांधून दिलेलं कुळथाचं पीठ.

आनेकेबाई फाटकाशी उभ्या होत्या. वय साठीच्या आसपास, उंच, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिकडे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, पण मला काही ते जमलं नाही. मी मनातल्या मनात बाई लावत राहिलो. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकलेलं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. दोघंही सावकाश बोलत होतो आणि एकमेकांच्या चुका काढत नव्हतो.

मी चौतीस वर्षं मुलांना विचारत आलो : पोल्डर म्हणजे काय? उत्तर : समुद्र हटवून मिळवलेली, समुद्रसपाटीपेक्षा सखल जमीन. गुण दोन. आता ती जमीन समोर होती. डोंगर नाही, टेकडी नाही, एखादा उंचवटासुद्धा नाही. नजर जाते ती जातच राहते. हिरवं कुरण, त्यात सरळ रेषेत खणलेले पाण्याचे चर, आणि पलीकडच्या टोकाला मातीचा लांबलचक बांध. बांधामागे कालवा होता. मी सगळं ओळखलं, आणि त्याच कौतुकात समोरच्या हिरव्यागार पट्ट्यावर पाय टाकला. ती हिरवळ नव्हती. चरातल्या पाण्यावर पसरलेलं शेवाळ होतं. मी कंबरेपर्यंत आत गेलो.

आनेकेबाईंनी काठी पुढे केली, दीड मीटरचं अंतर राखून. "मुग्धा म्हणाली होती तुम्ही भूगोल शिकवता," एवढंच म्हणाल्या.

कोरडा होऊन स्वयंपाकघरात गेलो तर टेबलाच्या टोकाला हार्म बसले होते, आनेकेबाईंचे यजमान. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना झटका आला होता. उजवा हात निकामी, बोलणं तुटक. त्यांच्यासाठी खिडकी सताड उघडी आणि माझी खुर्ची थेट दाराशी. मोहरीचं सूप होतं. मोहरी फोडणीत तडतडते एवढंच आपल्याला माहीत, तिचं बशीभर सूप होतं हे त्या दिवशी कळलं. वाईट नव्हतं, नाकात गेलं फक्त.

जेवताना हार्मनी एकच शब्द विचारला. "अकरा?"

"अकरा," आनेकेबाई म्हणाल्या.

मग मला समजावून सांगितलं. कुरणात लांब चोचीच्या पाणपक्ष्यांची अकरा घरटी होती, जमिनीवरच, गवतात. त्या पक्ष्यांसाठी हार्म तीस वर्षं गवत उशिरा कापत आले. मागच्या वसंतात कोल्ह्याने एकूण एक घरटं साफ केलं. पिल्लू म्हणून एक वाचलं नाही. यंदा अंडी आठवड्याभरात फुटणार होती आणि कोल्हा परत दिसू लागला होता. आपल्याकडचा कोल्हा नव्हे. आपण खोकड म्हणतो त्याचा थोराड, तांबडा भाऊ. पण मी त्याला कोल्हाच म्हणणार. पूर्वी हार्म बंदोबस्त करायचे. आता त्यांचा हात गेला, ते दिवसभर खिडकीतून कुरण पाहत बसत, म्हणून आनेकेबाईंनी साठाव्या वर्षी शिकारीची परीक्षा दिली आणि परवाना काढला. आजवर त्यांनी जिवंत प्राण्यावर एकही गोळी झाडली नव्हती.

"यंदाही गेली तर हार्म पुढच्या वसंतात खिडकीत बसणार नाही," त्या म्हणाल्या. हार्म ऐकत होते. त्यांनी मान हलवली.

शुक्रवार : दोन रायफली

पोलादी कपाटात दोन रायफली होत्या, दोन्ही आता बाईंच्याही परवान्यावर चढवलेल्या. एक टू-टू-टू. साडेपाच मिलिमीटरची गोळी, हलकी, फार वेगाची. दुसरी टू-फोर-थ्री. सहा मिलिमीटरची, वजनाने दुपटीहून जड गोळी, हार्म ती जर्मनीत हरणांसाठी नेत. कोल्ह्यासाठी कुठली घ्यायची हे बाईंचं ठरत नव्हतं. हार्मना विचारलं की ते छोटीकडे बोट दाखवत, पण कारण सांगायला लागले की शब्द अडत आणि ते चिडून हात टेबलावर आपटत.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन महिने लेकीच्या घरात मी निरुपयोगी बसून होतो. भांडी घासायला घेतली तर "बाबा, डिशवॉशर आहे", भाजी आणायला निघालो तर "बाबा, बाहेर नको". इथे पहिल्यांदा कुणाचं तरी मला येणाऱ्या विषयावर अडलं होतं.

"मोठी घ्या," मी म्हणालो. "वारा बघा केवढा आहे. हलकी गोळी वाऱ्याने सरकते. जनावर जखमी होऊन पळालं तर पाप आपल्या माथी. आमच्याकडे डुकराला हलका बार घालणारा माणूस मूर्ख समजतात."

"कोल्हा सहा किलोचा असतो," बाई म्हणाल्या.

"मेला तर मेला, अर्धवट नको."

नेमबाजीची उघड्यावरची रेंज नुकतीच, वेळ ठरवून येणाऱ्यांसाठी उघडली होती. दुपारी गेलो. मला बंदुकीला हात लावायची परवानगी नव्हती. मी मागच्या खुणेवर उभा राहून दुर्बिणीतून निशाण पाहायचं. छोट्या रायफलीने बाईंनी शंभर मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं काड्यापेटीखाली झाकली गेली असती. मोठीचा दणका जोरात बसे. दर खेपेला चाप ओढताना त्यांचा डोळा मिटत होता, मला स्पष्ट दिसत होतं. भोकं बशीएवढ्या जागेत विखुरली.

रेंजवरचा पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला, "हिला छोटी द्या. हातात बसलीय. आणि तिची गोळी पातळ सालीची, आत शिरली की फुटते. मोठी आरपार जाते आणि पुढे चालत राहते."

"पुढे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मी मनात म्हटलं, गोळी आरपार गेली तर बिघडलं काय? आमच्याकडे पुढे डोंगर असतो. जातेय कुठे!

परतताना मी तासभर बाईंचे कान खाल्ले. डोळा मिटणं सवयीने जाईल, वारा जाणार नाही, वगैरे. संध्याकाळी हिचा फोन आला. कोल्ह्याची हकिकत सांगितली तर म्हणाली, "थंय बंदुकेक हात लावू नकात हां. आणि लोकांका अक्कल शिकवू नकात, तां तर त्याहून नको." मी हसून सोडून दिलं.

रात्री मी कुळथाची पिठी केली. बाईंनी दोन चमचे सभ्यपणाने खाल्ली. हार्मनी वाडगा पुसून पुढे केला आणि डाव्या हाताने अजून मागितली. मी फुशारलो. तोवर बाईंनी मोठी रायफल साफ करायला घेतली होती. हार्मनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

शनिवार : मचाण

पहाटे साडेचारला निघालो. तिकडे मे महिन्यात तेव्हा दिसू लागलेलं असतं. मचाण कुरणाच्या कडेला, शिडीचं, पुरुषभर उंचीचं, बांधाच्या माथ्याहून बुटकं. वर एक लांब फळी. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला मी, तोंडावर मुग्धाने शिवलेला मास्क. अंतर दीड मीटर नक्कीच भरलं नसतं. डच सरकारने क्षमा करावी. फोन बंद, बोलायचं नाही, हलायचं नाही.

थंडी हाडात शिरत होती. खाली पक्षी ओरडायला लागले. त्यांत टिटवीची एक चुलत बहीण होती, डोक्यावर तुरा असलेली, आणि तिच्या आवाजाने मला उगीच धसका बसला. आपल्याकडे टिटवी ओरडली की म्हातारी माणसं अशुभ मानतात. मी स्वतःला बजावलं, तू विज्ञानाचाही तास घेत होतास.

पाच वाजून गेले. बाईंनी दोन बोटं उचलली.

कोल्हा बांधावरून येत होता. डावीकडून, सावकाश, मालकाने शेत बघत फिरावं तसा. मध्येच थांबून त्याने कुरणाकडे तोंड केलं. मुग्धाने घरट्यांपाशी रोवलेल्या बांबूच्या काड्या मला दिसत होत्या. पहिली काडी त्याच्यापासून वीस पावलांवर होती. आमच्यापासून कोल्हा असेल दीडशे पावलं. अंगावर उजेड, आडवा उभा, अगदी स्थिर. याहून चांगला नेम देव देत नाही.

बाईंनी दस्ता गालाला लावला. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होतो. बोट चापाबाहेर, सरळ. एक क्षण, दोन क्षण. कोल्ह्याने पुढचा पाय उचलला.

"मार," मी म्हणालो. मराठीत, आणि मोठ्याने. "मार, मार! शूट!" आणि हात लांब करून त्यांच्या खांद्याला हिसका दिला. कोल्ह्याने कान टवकारले, पण तो जागचा हलला नाही.

त्यांनी मारलं नाही. नळी तशीच, बोट तसंच बाहेर. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. अकरा घरटी, दोन वसंत, तो खिडकीतला माणूस, आणि ही बाई नुसती पाहतेय! घाबरली, मला वाटलं. ऐनवेळी कच खाल्ली.

आणि तेव्हा कोल्ह्याच्या मागे, बांधाच्या कडेवर, एक डोकं सरकत आलं.

निळी टोपी. तिच्यामागे बांधलेली केसांची शेपटी. आवाज अजिबात नाही. डोकं तरंगत चालावं तसं कोल्ह्याच्या पाठीमागून गेलं, त्याच्या मानेच्या, छातीच्या नेमक्या रेषेतून. मला काही कळेना. मग एक वल्हं पाण्याबाहेर आलं, चमकलं, परत गेलं. बांधामागचा कालवा! पोल्डरमधला कालवा शेतापेक्षा उंच असतो. कारण शेतातलं पाणी उपसून वर कालव्यात सोडतात. मी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं, बाणासकट. ते पाणी बांधाच्या काठापर्यंत भरलेलं होतं आणि त्यावरून एक मुलगी एकटी शर्यतीची होडी वल्हवत चालली होती.

कोल्हा उडी मारून बांधाखाली गेला, नाहीसा झाला.

होडी वल्हवणारा उलटा बसतो, पाठीकडे जातो. त्यामुळे कोल्ह्याच्या जागेवरून पुढे गेल्यावर तिचं तोंड आमच्याकडे झालं. तिने मचाण पाहिलं. विशी-बाविशीची असेल, गाल लाल झालेले. हनुवटी उचलून ती हसली आणि ओरडली, "मोय!"

ग्रोनिंगनकडचा हा रामराम. येताना मोय, जाताना मोय. पाण्यावरून शब्द अगदी स्पष्ट आला. बाईंनी उत्तर दिलं. माझा हात उचलला गेला नाही. तो अजून त्यांच्या खांद्यावर होता.

आनेकेबाईंनी रायफल खाली केली, खटका मागे ओढून काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. मोठी, जड गोळी. ती मीच निवडून दिलेली.

"तुम्हाला ती दिसली होती?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मागे आकाश होतं," त्या म्हणाल्या. "मागे आकाश दिसलं की बोट आत घालायचं नाही. परीक्षेत पहिला प्रश्न तोच असतो. इथे डोंगर नाही, सर. गोळी माती लागेपर्यंत जाते. कधी कधी दोन-तीन किलोमीटर."

सर म्हणाल्या. विद्यार्थी मला सर म्हणत, हे मुग्धाने सांगितलं असावं. मला ते नको होतं त्या वेळी.

दुपारी घरटी तपासली. कोल्हा दुसऱ्या बाजूने येऊन गेला होता. दोन काड्यांपाशी नुसती टरफलं. वर आईबाप घिरट्या घालून ओरडत होते. मी मुग्धाला फोन केला, जावयांचा खोकला उतरतोय हे ऐकलं, आणि सकाळचं काहीच सांगितलं नाही. मला लाज वाटली.

जेवताना हार्मनी विचारलं, "अकरा?"

"नऊ," बाई म्हणाल्या. "होडी आली."

त्या माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. तेच मला सोसेना. मी सांगून टाकलं. मोठी रायफल मी घ्यायला लावली. मार म्हणून मी ओरडलो. हिसका मी दिला. बोट आत असतं तर त्या हिसक्याने बार झाला असता.

हार्म एकेक शब्द जुळवू लागले. मग म्हणाले, "मचाणाची... फळी. चूक माझी. मीच... दोघांसाठी लांब केली." आणि थोड्या वेळाने, "नेहमी कुणीतरी म्हणतं. मार."

त्यांनाही कुणीतरी म्हटलं असणार कधीतरी.

रविवार : स्वयंपाकघर

पहाटे दार वाजलं तेव्हा मी कॅरव्हॅनमध्ये जागाच होतो. खिडकीतून पाहिलं. आनेकेबाई एकट्या निघाल्या होत्या, खांद्याला छोटी रायफल. रात्रीच त्यांनी सांगितलं होतं : बांधाकडे पाहायचंच नाही. कोल्हा कुरणात उतरून मचाणाच्या साठ-सत्तर पावलांत आला तर, आणि खाली गवत असेल तर. नाहीतर नाही. मग घरटी नऊची शून्य झाली तरी नाही.

मी स्वयंपाकघरात आलो. हार्म खिडकीत होते. मी माझ्या दाराजवळच्या खुर्चीत. त्यांनी डाव्या हाताने कॉफीचा मग माझ्याकडे सरकवला आणि डब्यातून एकच बिस्कीट काढून दिलं. तिकडे कॉफीबरोबर बिस्कीट एकच. डबा लगेच मिटतो. एरवी मी यावर दोन वाक्यं बोललो असतो.

घड्याळ टिकटिकत होतं. पाच. सव्वापाच. कालवा इथून दिसत नव्हता, नुसती बांधाची कड. मी त्या कडेवर निळी टोपी शोधत होतो. रविवार होता, हवा छान होती. कोण कोण बाहेर पडलं असेल! सायकलवाले, कुत्री फिरवणारे, घरात कोंडून कंटाळलेले लोक. तीन महिने मीही असाच कंटाळलो होतो.

बार झाला.

एकच, कोरडा, फांदी मोडल्यासारखा. आयुष्यात मी शेकडो बार ऐकले, पण सगळे बंदुकीच्या मागच्या बाजूने. बार काढणाऱ्याला लगेच कळतं काय झालं ते. बाकीच्यांना वाट पाहावी लागते. हार्मचा चांगला हात टेबलावर पालथा पडला होता, बोटं ताणलेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. कुत्रं भुंकलं नाही, कुणी ओरडलं नाही. त्या न ओरडण्यावर किती भरवसा ठेवायचा ते मला कळत नव्हतं. कालच्या मुलीलाही ओरडायला वेळ मिळाला नसता.

पाच मिनिटं गेली. दहा. पायऱ्यांवर बूट वाजले.

आनेकेबाई आत आल्या. रायफलीचा खटका उघडा, नळी रिकामी. तसं मला दाखवून त्यांनी ती कपाटात उभी केली, कुलूप लावलं, आणि दोन्ही हात बेसिनच्या कडेवर टेकून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

कोल्हा पडला का, हे मला विचारायचंच राहिलं.

"मागे काय होतं?" मी म्हणालो.

त्या वळल्या. "माती," त्या म्हणाल्या. "सगळी माती."

हार्मनी डोळे मिटले. मी उठलो, दीड मीटरचं विसरलो, आणि त्यांच्या पालथ्या हातावर माझा हात ठेवला.